भोपळ्याला पहिला चाकू

ऑक्टोबर सरत आला की जर्मनीतल्या आमच्या झिंडेलफिंगेनच्या बाहेरच्या शेतांवर एक विलक्षण रंग उतरतो. वर राखाडी आकाश, खाली नांगरलेली काळीभोर ओली जमीन, आणि या दोन उदास रंगांच्या मधोमध, शेताच्या कडेला रचून ठेवलेले भोपळ्यांचे ढीग. केशरी, शेंदरी, काही तर थेट तांबूस. धुक्यातून सायकलवरून जाताना आधी ते ढीग दिसतात, शेत मागाहून दिसते. सूर्य दीर्घ रजेवर गेला आहे आणि त्याचे काम या फळांनी अंगावर घेतले आहे, असे मला दरवर्षी वाटते. आपल्याकडे भोपळा किती उपेक्षित! परीक्षेत शून्य मिळाले की भोपळा, निवडणुकीत सपाटून हरले की भोपळा. इथे मात्र त्याला खिडकीत मानाची जागा, त्याच्या पोटात दिवा, त्याच्या नावाने सण.

मी सांगते आहे त्या वर्षांत भुताखेतांची सोंगे घेण्याचा हा सणही इथे नवखाच होता. आमच्या इमारतीतल्या वयस्कर मंडळींना तो अजिबात पसंत नव्हता. हे अमेरिकेचे खूळ आमच्या पोरांना कशाला, असे जिन्यात भेटले की म्हणत. पण पोरांना ते कोण सांगणार? माझी पाच वर्षांची गार्गी आठवडाभर आधीपासून चेटकीण होऊन घरभर फिरत होती. किंडरगार्टनच्या सहलीत प्रत्येक मुलाने शेतावरून एकेक भोपळा निवडून आणला होता. हिने स्वतःला उचलणार नाही असा निवडला. सणाच्या दिवशी घरी केलेला खाऊ न्यायचा होता, आणि दारावर लावलेल्या यादीत कुणी केक, कुणी बोटांच्या आकाराची बिस्किटे असे लिहून मोकळे झाले होते. मी आमच्या नावापुढे लिहिले, ‘भोपळ्याचे काहीतरी’. ते काहीतरी म्हणजे काय, हे ठरवायला घरात आई होती.

आई त्या सप्टेंबरात नगरहून आमच्याकडे आली होती. फेब्रुवारीत बाबा गेले. त्यानंतर ती एकटी राहत होती, आणि फोनवर तिचा आवाज दर रविवारी थोडा थोडा बारीक होत चालला होता, म्हणून मी हट्टाने तिला बोलावून घेतले. ती आली, पण स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. भाजी निवडून द्यायची, गार्गीची वेणी घालायची, खिडकीत बसायची. वर्षाच्या आत सण नाही, घरात तळण नाही, म्हणून दिवाळीसुद्धा आमच्या दारावरून न थांबता पुढे गेली होती. मला त्या नियमांचे दुःख नव्हते. मला भीती वाटत होती ती वेगळीच. ज्या बाईने चाळीस वर्षे एका माणसाच्या आवडीनिवडीवर आपला दिवस बेतला, तिला आता स्वतःसाठी भूक तरी लागेल का?

आणि एके दुपारी भोपळ्याकडे बघत तीच आपणहून म्हणाली, “घारगे करू या की.” मी जपून विचारले, “आई, पण तळण चालेल का गं?” तिने क्षणभर विचार केला आणि एखाद्या वकिलाच्या गांभीर्याने निकाल दिला, “हा सण आपल्या पंचांगात नाही. जो पंचांगातच नाही, त्याला कसलं आलंय सुतक?” त्या तर्काला मी मनातल्या मनात हात जोडले. कोल्हापुरी गुळाची ढेप ती बॅगेत घालून घेऊन आलीच होती.

आता अडचण एकच होती. आमच्या घरात बाईने आख्ख्या भोपळ्याला पहिला चाकू लावायचा नाही. भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा, त्याच्यावर आईने शस्त्र कसे चालवावे, असे माझी आजी सांगे, आजीला तिची सासू सांगे. पहिला काप पुरुषाने द्यायचा, मग बायकांनी खुशाल चिरावा. बाबांना स्वयंपाकातले काडीचे कळत नव्हते. चहाचे आधण ठेवले तर पातेले करपवून ठेवतील असा माणूस. पण भोपळा आणला की आई हाक मारी, “अहो, येताय ना?” ते वर्तमानपत्र बाजूला ठेवून येत, हात धूत, भोपळ्याला नमस्कार करत आणि चाकू खुपसून वीतभर चीर पाडत. “घ्या, झालं माझं काम,” म्हणत पुन्हा खुर्चीत. साऱ्या संसारात स्वयंपाकघरातले त्यांचे योगदान म्हणजे तेवढी ती वीतभर चीर. त्या दिवशी जेवताना मात्र ते असे मिरवत, जणू सगळा स्वयंपाक त्यांनीच केला आहे.

माझा नवरा गाड्यांच्या चाचण्यांसाठी ब्राउनश्वाइगला गेला होता, तो गुरुवारी रात्री परतणार होता आणि खाऊ न्यायचा होता गुरुवारी सकाळी. बुधवारी मी कामावरून लवकर निघून तीनच्या सुमारास घरी आले. पाहते तो आई ओट्यापाशी स्टुलावर बसलेली. समोर स्वच्छ पुसलेला भोपळा, त्याच्या शेजारी सुरी, घडी घातलेले फडके. आई दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बघत होती. गार्गी त्या दिवशी घरीच होती; ती म्हणाली, आजी सकाळपासून अशीच बसली आहे. अर्थात हे ती जर्मनमध्ये म्हणाली. आजीशी बोलताना मराठीतला एखादा शब्द तिच्या तोंडून निसटला तर निसटला.

आणि माझे डोकेच फिरले. कुठल्या काळातल्या या समजुती! सात समुद्र ओलांडून आलेली माझी आई एका फळापुढे हतबल होऊन बसते, कारण घरात पुरुष नाही! “आई, कुणी कापला म्हणून भोपळ्याला काय फरक पडतो?” मी म्हटले आणि ती काही बोलायच्या आत सुरी उचलून खचकन भोपळ्यात घातली. साल टणक होती. मी सगळा भार टाकला आणि त्याचे सरळ दोन तुकडे केले. मनात कुठेतरी टाळ्या वाजत होत्या, हे आता लपवून काय उपयोग? पिढ्यान्‌पिढ्यांची एक बेडी मी तोडली होती. संध्याकाळी नवऱ्याला फोन करून तो पराक्रम मी रंगवून सांगितलासुद्धा.

आई स्टुलावरून उठली. तिने किसणी घेतली, गर किसला, तुपावर परतला, त्यात गूळ विरघळवला, आणि त्या बंद खिडक्यांच्या, हीटरने तापलेल्या घरात नगरच्या घराचा वास भरून राहिला. कणीक, तांदळाची पिठी, चिमूटभर जायफळ. गार्गीने बिस्किटांचे साचे आणून भुते आणि वटवाघळे कापली. पण घारगा तो घारगा. तेलात पडताच सगळे टम्म फुगले, भुतांचे बटाटे झाले. गार्गी हिरमुसून म्हणाली, “आजी, दास इस्ट काइन गेश्पेन्स्ट!” हे काही भूत नाही, एवढे आजीलाही तिच्या तोंडावरून कळले. “भूतच आहे गं,” आई म्हणाली, “नगरकडचं आहे. जरा बाळसं धरलंय, एवढंच.” ती हसली. मला वाटले, आपण जिंकलो. दुसऱ्या दिवशी डबा रिकामा परत आला.

एक नोव्हेंबरला इथे मृतांच्या स्मरणाची सुट्टी असते. त्या दिवशी आम्ही दोघी फिरायला निघालो. रस्त्याने माणसे फुले आणि लाल काचेतले दिवे घेऊन दफनभूमीकडे चालली होती. एक म्हातारे जोडपे एकमेकांना सावरत, न बोलता चालले होते. ते पुढे जाईपर्यंत आई थांबली. मग अगदी सहज, भाजीत मीठ कमी पडल्याचे सांगावे तसे म्हणाली, “त्या दिवशी भोपळा मी कापणार होते.”

मला कळेना. ती चालत राहिली. “सकाळपासून मनाची तयारी करत होते. हे गेल्यावर भोपळा घरात आणलाच नाही मी. म्हटलं, इथे कुणी ओळखीचं नाही, घर माझं नाही, इथे जमेल. ह्यांना मनात सांगितलं, आता तुम्ही येणार नाही, तर मीच करते. सुरी काढून ठेवली होती. अजून पाच मिनिटांत उठले असते गं. तू आलीस आणि घाई केलीस.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरे झाले असते. मी त्या रस्त्यावर लाजेने उभी राहिले. खरेच, पुरुषाची वाट बघणारी बाई सुरी पुसून समोर कशाला ठेवील? मला दिसली ती फक्त रूढी, कारण मला तीच दिसायला हवी होती. एका रिकाम्या जागेपाशी एक माणूस एकट्याने पोहोचू पाहत होता, आणि मी मध्ये धावून ती जागा व्यापली. दुसऱ्याला मुक्त करण्याची आपल्याला केवढी हौस! त्यात तो स्वतःच्या पायांनी निघाला आहे की काय, हे पाहायचे राहून जाते. मी म्हणाले, “आई, दुसरा आणू या.” पण शेतांवरचे ढीग तोवर उचलले गेले होते. ती म्हणाली, “राहू दे. मनाची तयारी काय रोज होते?” नोव्हेंबरच्या अखेरीस ती परत गेली.

फेब्रुवारीत वर्षश्राद्ध झाले. उन्हाळा गेला, आणि शेतांच्या कडेला पुन्हा तो शेंदरी रंग दिसू लागला. एका रविवारी सकाळी मी नेहमीसारखा फोन केला. इकडची तिकडची चौकशी झाली आणि आई म्हणाली, “भोपळा आणलाय. चार दिवस झाले, ओट्यावर आहे.” कापून घे ना शेजारच्या काकांकडून, हे शब्द ओठांपर्यंत आले. मी ते गिळले. मग ती म्हणाली, “फोन ठेवू नकोस. मी आले.”

रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला. नळ सुटला, बंद झाला. मग काहीच नाही, इतका वेळ काहीच नाही की फोन कटला असे मला वाटले. मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरून, श्वाससुद्धा बेताने घेत उभी होते. गार्गी काही विचारायला आली, तिला मी हातानेच थांबवले. आणि हजारो मैलांवरून एक बोथट आवाज ऐकू आला, मग दुसरा, मग सुरी अडकल्याचा, आणि आईचा लांब सुस्कारा.

ती परत आली तेव्हा तिला धाप लागली होती. “झालं,” ती म्हणाली. “वाकडा गेला जरा. पण ह्यांचा तरी कुठे कधी सरळ जायचा?”