भोईर मॅडमचा पेपर

आमच्या पॅथॉलॉजी डिपार्टमेंटात रक्ताची सँपल्स फ्रीजमध्ये साठतात आणि किस्से चहाच्या वेळी. मुदत संपली की सँपल्स आम्ही टाकून देतो. किस्से मात्र कुणी नवीन जॉइन झालं की पुन्हा बाहेर निघतात. त्यातले निम्मे तरी भोईर मॅडमच्या एकाच पेपरचे आहेत.

मॅडम बदलापूरजवळच्या गावातल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांमध्ये थॅलेसेमिया, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, पिढ्यांमधून कसा उतरतो यावर त्यांचं काम. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली नवीन लागले होते.

*

अख्ख्या कुटुंबाचं रक्त मिळवणं हीच मोठी कटकट. आजारी पोराचं मिळतं, पण धडधाकट काका-आत्या कशाला सुई टोचून घेतील? लछू अंकलचा नातू आमचा पेशंट. त्यांचं कापडाचं दुकान होतं. त्यांनी मॅडमना दर रविवारी थेट काउंटरवर बसवलं आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांना सांगायला लागले, "पहले ब्लड, फिर डिस्काउंट."

मॅडम हादरल्या. "अंकल, ऐसा लालच नहीं दे सकते. एथिक्स कमिटी काम बंद करवा देगी."

अंकलनी जरा विचार केला. "चाय?"

"चाय चलेगी."

त्या सगळ्या रविवारांचं पेपरात एक वाक्य झालं: 'सहभागी व्यक्तींना अल्पोपाहार देण्यात आला.'

*

पेपर छापून आला. पुढे परदेशातल्या कुणीतरी आपल्या पेपरात त्याचा उल्लेख केला. याला सायटेशन म्हणतात. आमच्या धंद्यात माणसाची किंमत त्यावरच ठरते. मॅडमनी हे आनंदाने मोठ्या भावाला, दामूदादांना, फोनवर सांगितलं.

चार दिवसांत गावच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. 'आमच्या भगिनीस परदेशातून सायटेशन मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मॅडमचा फोटो कोपऱ्यात, नेत्यांचे मोठे.

मॅडमनी सावकाश समजावलं. "दादा, त्यांनी लिहिलंय की भोईर यांचे निष्कर्ष आमच्याशी जुळत नाहीत."

दादा म्हणाले, "पन नाव त घेतलान ना तुजा?"

फ्लेक्स गणपतीपर्यंत होता.

*

मग प्रोफेसरच्या प्रमोशनचा इंटरव्ह्यू आला. फायली घेऊन मीही सोबत गेले होते. कमिटीतल्या एका सरांनी वेबसाइटवरची मॅडमच्या पेपरांची यादी बघून मान डोलावली. "रेंज मोठी आहे हं तुमची. रक्तापासून सुक्या बोंबलापर्यंत."

मॅडमच्याच नावाचे दुसरे कुणी एन. भोईर सुक्या मासळीवर संशोधन करत होते. वेबसाइटने त्यांचे पेपर मॅडमच्या नावावर चढवले होते. त्या पेपरांना सायटेशनही भरपूर.

"सर, बोंबील मी फक्त खाते," मॅडम म्हणाल्या. "ते पेपर काढून मोजा."

काढून मोजले. आकडा कमी भरला आणि प्रमोशन दुसऱ्याला गेलं. परत रिक्षाने अंबरनाथला आलो. उतरताना मॅडम म्हणाल्या, "मासळीवाले पेपर चांगले आहेत तसे. मी वाचले."

नंतर बरेच दिवस त्या चहाला आल्या नाहीत.

*

त्याच सुमारास त्यांच्या मावशीने व्हॉट्सॲपवर एक मेसेज पाठवला. 'पत्रिका नंतर जुळवा, आधी दोघांची थॅलेसेमिया टेस्ट करा.' खाली मॅडमच्याच पेपरातले दोन परिच्छेद, हिंदी करून. लछू अंकलनी ते आपल्या समाजाच्या ग्रुपवर टाकलं होतं, तिथून ते कुठे कुठे फिरलं कोण जाणे. लेखकाचं नाव कुठेच नव्हतं.

मावशीने खाली लिहिलं होतं, 'वेळ काढून वाच. डॉक्टर लोकांना पण माहीत नसतं.'

मॅडमनी अंगठा पाठवला. आणि दुसऱ्या दिवशी चहाला आल्या.

*

कोमल आमची जुनी पेशंट. लहानपणापासून रक्त चढवायला येते. तिचं कुटुंब त्या पेपरात आहे, नावाशिवाय. एकदा ती मॅडमच्या केबिनमध्ये आली आणि म्हणाली, "मॅम, वो पेपर दाखवा ना. मला बघायचंय मी कुठे आहे."

मॅडमनी तिच्या घराण्याचा तक्ता काढून दिला. "गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष. दोघांना जोडणारी आडवी रेघ म्हणजे लग्न. पूर्ण काळा असेल त्याला आजार. अर्धा काळा, त्याला स्वतःला त्रास नाही, पण मुलांना देऊ शकतो. कोरा म्हणजे काही नाही."

कोमलने अर्धे काळे आईबाबा शोधले. त्यांच्या खाली एक पूर्ण काळा गोल होता. "ही मी?"

"ही तू."

मग टेबलावरचं पेन उचलून तिने त्या गोलापासून एक आडवी रेघ ओढली. रेघेच्या टोकाला चौकोन काढला. चौकोन जरा वाकडा आला.

"मॅम, हा किती भरायचा?" तिने पर्समधून थॅलेसेमिया टेस्टचा एक रिपोर्ट काढून पुढे ठेवला.

मॅडमनी चष्मा लावला आणि रिपोर्ट खालच्या सहीपर्यंत वाचला. मग परत पहिल्यापासून वाचला.

"कोराच ठेव," त्या म्हणाल्या.