बायकांच्या दालनातला सेन्सर

झुवैनाला एक खोड होती. कुणी “हे असंच असतं” म्हणालं की तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. शाळेत बाईंनी, लग्न जुळवताना आत्यांनी आणि पुढे एसीच्या कंपनीत मालकाने, सगळ्यांनी हे वाक्य तिला ऐकवून पाहिलं आणि सगळेच पस्तावले. आत्यांनी तर स्थळं आणायचंच सोडून दिलं. ओमानमधल्या सोहारमध्ये एसीचं काम करणारी ती एकटीच बाई. अंगभर काळ्या अबायाच्या बाह्या कोपरापर्यंत सारून ती शिडीवर चढली की खाली उभे असलेले पुरुष शिष्टाचार म्हणून मान वळवत, आणि मान वळवलेल्या अवस्थेतच सल्ले देत.

हुमैदकाकांचा लग्नाचा हॉल म्हणजे गावची शान. एका छताखाली दोन दालनं, मध्ये जाड भिंत, भिंतीत एक कायम बंद असलेलं दार. इकडे पुरुष, तिकडे बायका. दोघांनाही गारवा पुरवणारं यंत्र मात्र गच्चीवर एकच. दोन्ही दालनांतली तापलेली हवा दोन वेगळ्या डक्टांतून, म्हणजे पत्र्याच्या बोगद्यांतून, यंत्राकडे परत जायची. त्यातल्या एका डक्टात बोटाएवढा सेन्सर खोचलेला. तो सांगेल तेवढी थंडी यंत्र करणार. तो ज्या दालनाची हवा हुंगेल, त्या दालनाचं राज्य. आणि तो होता पुरुषांच्या डक्टात.

आता पुरुषांचं लग्न ते केवढं? यायचं, नवऱ्या मुलाच्या नाकाला नाक लावायचं, चौघांनी मिळून एका परातीतला भात-मटण संपवायचं, उदाचा धूर दाढीला घ्यायचा की निघाले. दालन रिकामं, सेन्सर गार, यंत्र सुस्त. नेमकं तेव्हाच भिंतीपलीकडे बायकांचं लग्न रंगात यायचं. गच्च गर्दी, अंगावर जर आणि सोनं, डोक्यावर झगझगीत दिवे, कोपऱ्याकोपऱ्यात उदाची धुपाटणी, मध्ये नाच. नवरीचं काजळ गालांवर उतरायचं. मागच्या मोसमात एका नवरीची आजी भोवळ येऊन पडली, तर म्हणे तिला आनंद सोसला नाही! झुवैना तिला ओढणीने वारा घालत होती. तिला तरी त्या तोंडावर कसला आनंद दिसला नाही.

यंत्र बिघडलं असेल म्हणून ती तशीच उठून पुरुषांच्या दालनात शिरली होती. तिथे उरलेसुरले चार म्हातारे अंगावरचे बिश्त, म्हणजे लग्नात मिरवायचे ते लांब झगे, गळ्याशी घट्ट आवळून बसले होते. यंत्र ठणठणीत होतं. एवढ्या वर्षांत इकडचं माणूस तिकडे कधी गेलंच नव्हतं, एवढाच काय तो बिघाड.

यंदा हुमैदकाकांनी गच्चीवरच्या यंत्राला नवी नियंत्रण पेटी आणि नवा सेन्सर घेतला. काम झुवैनाच्या कंपनीकडे आलं. दिवस ठरला गुरुवारचा, आणि त्याच संध्याकाळी त्याच हॉलमध्ये तिच्या बहिणीच्या मुलीचं, अबीरचं लग्न होतं. झुवैना सकाळीच शिडी घेऊन हजर झाली.

“जुना होता तिथेच नवा बसव,” हुमैदकाका म्हणाले.

“काका, दोन बसवते. एक इकडे, एक तिकडे. यंत्र दोघांचा मध्य धरील.”

“म्हणजे इकडची थंडी कमी होणार?”

“थोडी होणारच की.”

“मग नको. इकडे शेख बसतात, अधिकारी बसतात. आणि बायकांकडे काय कमी आहे? आमची मौझा प्रत्येक लग्नाला असते तिथे. कधी अक्षराने बोलली नाही.”

“विचारलंत कधी?”

“लग्नात गर्मी होतेच, पोरी. हे असंच असतं.”

झालं! हेच वाक्य नको होतं. झुवैनाने शिडी उचलली आणि तडक बायकांच्या दालनात नेली. नवरीच्या आसनाच्या बरोबर वर छतात एक झाकण होतं, त्यातून परतीच्या डक्टाशी हात पोचायचा. वळणापासून लांब, सरळ जागा बघून तिने पत्र्याला भोक पाडलं, सेन्सर आत सरकवला, कडेने नीट बुजवून घेतलं, तार गच्चीवरच्या पेटीपर्यंत ओढली. पुरुषांकडचं जुनं भोक बंद केलं. पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

खाली हुमैदकाका फोनवर ओरडत होते. मग त्यांनी फोन तिच्याकडे दिला. पलीकडे कंपनीचा मालक, अबू हैथम.

“झुवैना, गिऱ्हाईक सांगतं तिथे सेन्सर बसव.”

“नाही बसवणार.”

“मग सुट्टी संपली की रविवारी ये आणि हत्यारं जमा कर. तुझं काम संपलं.”

“संपलं तर संपलं. तुमच्या गिऱ्हाइकाला निम्माच हॉल दिसतो, त्याला मी काय करू?”

तिने फोन परत दिला. नोकरी गेली होती, आणि ती तिला फार आवडत होती. बारा ठिकाणी नकार ऐकून मिळवलेली नोकरी. पण सेन्सर काढायचा विचार तिच्या मनात एकदाही आला नाही. तिने बहिणीला फोन लावला. “रय्या, दुपारी नको, आत्ताच या सगळ्या. हो, नवरीला घेऊन.”

अबू हैथमने दुपारी दुसरा माणूस पाठवला. बदर त्याचं नाव, गरीब स्वभावाचा. तोवर फुलं, कपड्यांच्या पेट्या, केस मोकळे सोडलेली नवरी आणि तिच्या मावश्या-आत्या असं सगळं लटांबर दालनात ठाण मांडून बसलं होतं.

“ताई, मला छतापर्यंत जायचंय,” बदर दाराबाहेरून म्हणाला.

“जा की,” रय्या आतून म्हणाली. “नवरी उघड्या केसांनी बसलीय. तिच्या डोक्यावर शिडी लाव, आणि तिच्या बापाला काय सांगायचं ते ठरवून ये.”

आत हशा पिकला. बदर गच्चीवर गेला, पेटीचं कुलूप बघून खाली आला आणि शिडी खांद्यावर टाकून घरी गेला.

संध्याकाळी दालन भरलं. धुपाटणी पेटली, ढोल सुरू झाले. झुवैना नाचणाऱ्यांकडे न बघता छतातल्या जाळीकडे बघत उभी होती. गर्दी वाढली तसा वाऱ्याचा जोर वाढला. अबीरचं काजळ जागच्या जागी होतं. म्हाताऱ्या हलव्याच्या ताटाशी निवांत बसल्या होत्या, एकीच्याही हातात पंखा नव्हता. झुवैनाला रडूच आलं, पण ते तिने कुणाला दाखवलं नाही.

तेवढ्यात मधल्या दारावर धाडधाड थापा पडल्या. ते दार वाजलेलं कुणी कधी ऐकलं नव्हतं. ढोल थांबले.

“झुवैना!” पलीकडून हुमैदकाकांचा आवाज. “इथे माणसं कुडकुडताहेत! शेख जेवण अर्धं टाकून उठले. किल्ली दे!”

झुवैना दाराशी गेली. तिच्या आधी मौझाकाकू पोचल्या. हुमैदकाकांची बायको, कुणाशी चढ्या आवाजात न बोलणारी.

“तुमच्याकडे रोज किती गार असतं?” त्यांनी दाराला तोंड लावून विचारलं.

“म्हणजे? छान असतं. आजचं सोड.”

“रोज छान असतं?”

“मौझा, हे काय आता?”

मौझाकाकू दाराला आणखी खेटल्या. मग म्हणाल्या, “मी इतकी वर्षं बोलले नाही, कारण मला वाटायचं तुम्हीही तिकडे असेच भाजून निघता. तुमचा जीव कशाला खाऊ म्हणून गप्प बसले. आणि आज ही झुवैना सांगते, तुम्ही तिकडे झगे पांघरून बसत होता?”

आतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. प्रत्येकीला आपापला नवरा आठवत असावा.

“किल्ली मिळणार नाही,” मौझाकाकू म्हणाल्या, आणि ढोल वाजवणाऱ्या बायकांना त्यांनीच हात केला.

सोहारमध्ये त्या रात्री घरोघरी काय बोलणं झालं ते मी काही ऐकलं नाही. पण रविवारी झुवैना हत्यारं जमा करायला गेली तेव्हा अबू हैथमचा फोन खाली ठेवायची सोय नव्हती. गावातल्या दुसऱ्या दोन हॉलांना सेन्सर तपासून हवे होते, आणि दोघांचीही अट एकच, ती बाई पाठवा. हुमैदकाकांनीही निरोप दिला होता, पुरुषांकडे दुसरा सेन्सर बसवून मध्य धरायची काहीतरी सोय असते म्हणे, तेवढी करून द्यावी.

झुवैनाने हत्यारांची पिशवी टेबलावर ठेवली.

“अगं, रागात बोललो मी,” अबू हैथम म्हणाला. “उचल ती पिशवी. तीन ठिकाणी जायचंय.”

“सेन्सर बरोबर बसवला होता की चूक?”

“जाऊ दे ना आता ते.”

“बरोबर की चूक?”

बदर आणि बाकीचे कारागीर चहाचे पेले हातात धरून दारात उभे होते. अबू हैथमने त्यांच्याकडे बघितलं, घसा खाकरला, आणि टेबलावरच्या पिशवीकडे बघत पुटपुटला, “बरोबर.”

“मोठ्याने,” झुवैना म्हणाली.