बांधात सोडलेल्या माद्या

पासली गावात खेकडे धरण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. बिळाच्या तोंडाशी ताजी माती दिसली की खेकडा घरात आहे, हे मी सासरी आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात शिकले. धरलेला खेकडा पालथा करून पोटावरची झडप बघायची. अरुंद असली तर नर, रुंद असली तर मादी. आषाढात मादीची झडप उचलली तर आत मुगाएवढी पिल्लं चिकटलेली दिसतात. ती सुटी होईपर्यंत मादी त्यांना पोटाशी घेऊन बिळातच बसते.

भात करणाऱ्याला खेकड्यासारखा वैरी नाही. भरपावसात त्याची करणी कळत नाही. भाद्रपदात पाऊस ओसरला की तो ओलीच्या मागे खाली खणत जातो, बांध आरपार होतो आणि खाचरातलं पाणी ओढ्याला लागतं. नेमका तेव्हाच भाताचा दाणा भरत असतो.

लढाईची वर्षं होती, भोरच्या बाजारात रॉकेल मिळत नव्हतं. माझे थोरले दीर तापाने गेले. जाऊबाईंना मूलबाळ नव्हतं. सासऱ्यांनी त्यांना आमच्या शेजारचं एक खाचर दिलं आणि बजावलं, यंदा पिकवून दाखवलं तर राहायचं, नाहीतर माहेरी आंबवड्याला जायचं. त्या गेल्या तर ते खाचर आमचं होणार होतं. मला ते हवं होतं, उगाच आडपडदा कशाला ठेवू?

भातलावणी झाली तशा जाऊबाई माझ्याकडे आल्या. जिवंत खेकड्याला हात लावायचं म्हटलं की त्या लांब सरायच्या. बांधातले खेकडे तेवढे काढून दे म्हणाल्या. मी सकाळभर बिळांत हात घालत होते, त्या पाटी घेऊन वरच्या कडेला उभ्या. नर निघाला की नांग्या मोडून पाटीत टाकत होते. मादी लागली की आतच सोडून वर चिखल लिंपत होते. दहा-बारा तरी सोडल्या असतील. दुपारी त्यांनी कालवण केलं आणि पहिली वाटी मला आणून दिली. मी ती चाटूनपुसून खाल्ली. तेव्हा मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

श्रावणभर त्या रोज बांधावर येऊन बसायच्या, माझ्या घराकडे तोंड करून. मला वाटे, भात राखतात. भाद्रपदात दोन दिवसांत खाचर कोरडं पडलं. लोंब्या आल्या त्या पोचट.

दसऱ्याच्या आधीच त्या निघाल्या. मी ओढ्यापर्यंत पोचवायला गेले, लोकलाजेस्तव. तिथं थांबून त्या शांतपणे म्हणाल्या, "माद्या तू आतच ठेवल्यास, मला ठावं व्हतं. रांधताना बघितलं, पाटीत समदे नरच."

मग तेव्हाच का बोलला नाहीत, असं मी कसंबसं विचारलं.

"बोलून काय करू? तुझ्याबिगर काढणार कोन व्हतं? वाटलं, तुझी तू येशील काढायला. रोज वाट बघितली बांधावर."

त्यांनी बोचकं डोक्यावर घेतलं आणि ओढा ओलांडला. माझं घर त्या बांधापासून हाकेच्या अंतरावर होतं.