नानांची फ्लॉपी

परवा एका दुकानात सरकीच्या पोत्यांचा तेलकट वास आला आणि जामनेरचं ते कापसाच्या जिनिंगचं ऑफिस आठवलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी जळगावहून कॉम्प्युटर दुरुस्तीला जायचो.

तिथले मालक नाना वारले होते. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. आणि नाना गेल्यापासून त्यांचा कॉम्प्युटरही सुरू होत नव्हता. काळ्या पडद्यावर एकच इंग्रजी ओळ येऊन थांबायची: डिस्क काढा आणि कुठलंही बटण दाबा. नानांनी शेवटी घातलेली फ्लॉपी खाचेत तशीच होती. बिघाड एवढाच.

मी हात पुढे केला, तशा नानांच्या पत्नी दारातूनच म्हणाल्या, "हात नका लावू भाऊ, त्यासनी ठेयेल शे ती."

"अक्का, ही अडकून आहे तोवर ते पुढे जाणारच नाही," मी म्हणालो. मी कॉम्प्युटरबद्दल बोलत होतो.

अक्कांनी त्या फ्लॉपीकडे पाहिलं. मग मानेनंच हो म्हटलं. मी फ्लॉपी काढून बटण दाबलं. रिकाम्या खाचेचा दिवा लुकलुकला, आत काहीतरी घरघरलं. सुरू होताना हे होतंच.

"आते जा तुम्ही," अक्का हळूच म्हणाल्या.

मला वाटलं, आता जा असं मलाच सांगताहेत. मी बॅग उचलली. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. कुणाला वाट द्यावी तशा त्या उंबऱ्यावरून बाजूला सरकल्या.

बाहेर पडल्यावर मी हसलो होतो. आज आठवतं ते वेगळंच. त्या क्षणी मीही माझे पाय आवरून घेतले होते.