पाच चेंडूंचं वचन

राजुरीच्या चांगदेवतात्यांची तेजस्विनी म्हणजे लहानपणापासून हातात पान्हा घेतलेली पोर. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर रुसला की दुसऱ्यांच्या घरून वायरमनला सांगावा जायचा, तात्यांच्या घरून तेजूला हाक जायची. आई लवकर देवाघरी गेली, त्यामुळं चूल आणि पान्हा दोन्ही तिच्या हाती एकाच वयात आले. बारावीला मार्क चांगले पडले तशी भावकी स्थळं घेऊन यायला लागली. तात्यांनी ओसरीवरच सांगून टाकलं, "माझी पोर इंजिनेर व्हनार. ज्याला लग्नाची लई घाई आसंल त्यानं आपलं सोताचं दुसरं करून घ्यावं." हसून हसून पावणे उठले आणि विषय मिटला.

इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात तिला पप्पू भेटला. खरं नाव भगवंत, पण सरांपासून मेसच्या आचाऱ्यापर्यंत सगळे पप्पूच म्हणत. तो आहुप्याचा. घोडेगावहून निघालेली एस.टी. डोंगर चढत चढत जिथं संपते, ते त्याचं गाव. बाप सावळेराम आणि आई चिमाबाई भात-नाचणी करायचे, हंगामात हिरडा वेचायचे. त्या वाडीतून इंजिनियरिंगला आलेला हा पहिलाच. राजुरीत खोली घेऊन राहायचा आणि रविवारी तेजस्विनीच्या घरी हक्कानं जेवायला यायचा.

पुण्याला कॉलेजांची रोबोटची स्पर्धा भरते असं कळलं, तेव्हा ह्या दोघांनी नाव दिलं. तिसरा घोडेगावचा आदेश. त्याच्याकडं एम-एटी गाडी होती, आणि नटबोल्ट कुठं स्वस्त मिळतात हे त्याला ठाऊक होतं.

स्पर्धेचा नियम सांगायला सोपा. काळ्या पाटावर पांढऱ्या पट्ट्या, पट्ट्यांवर पाच चेंडू, एका कडेला टोपली. बटण एकदा दाबायचं आणि हात मागं घ्यायचे. पुढं मशीननं आपलं आपण पट्टी धरून जायचं, चेंडू उचलायचा, टोपलीत टाकायचा, मग दुसऱ्याकडं वळायचं. कुणी बोट लावलं की बाद.

तात्यांची कांदे साठवायची बराकी पौषात रिकामीच असते. तिथं ह्यांनी प्लायवूड काळं रंगवून अंथरलं. मशीनला भंगारातल्या ट्रकच्या वायपरच्या मोटारी, पोटाखाली पांढरं-काळं ओळखणारे दोन डोळे आणि पुढं चिमटा. चिमट्याचं प्रोग्रामिंग पप्पूनं केलं. चेंडू समोर आला की थांबायचं, चिमटा उघडायचा, क्षणभर दम घ्यायचा आणि अलगद मिटायचा. तो क्षणभराचा दम त्यानं मुद्दाम ठेवलेला.

"एवढा इचार कशाला करतंय ते?" आदेश म्हणायचा. "चेंडू हाय का अंडं?"

"घाईनं धरलं का निसटतंय," पप्पू म्हणायचा. "आमच्याकडं खेकडं धरायला ये एकदा, मग कळंल."

तात्या बराकीच्या दारात बिडी ओढत उभे राहायचे. "तेजे, ह्याला कांदं भरायला शिकीव. मानसं भेटंनात."

"तात्या, ह्याला बिडी लागत न्हाई अन् हे उचल घेऊन पळूनबी जात न्हाई," पप्पू म्हणायचा. "तुमच्या मानसांपरीस हेच बरं."

वळण्याचं काम तेजस्विनीचं. टोपलीजवळ पट्टी संपायची आणि तिथून पुढं मशीन आंधळं व्हायचं. तिनं ते वेळेच्या हिशोबावर बसवलं. इतका वेळ डावं चाक थांबवायचं, उजवं चालवायचं, की मशीनचं तोंड टोपलीकडं होतं. भाताला आधण किती हे जसं हाताला कळतं, तसा ती तो अंदाज पक्का करत आणत होती.

ते दिवस भारनियमनाचे. राजुरीत दिवसाची लाईट म्हणजे पाहुणी, आली तर आली. बॅटरी भरायला पप्पू आळेफाट्याला जायचा. तिथल्या एका गॅरेजात जनरेटर होता. पौषातल्या एका दुपारी बॅटरी उतरून मशीन पाटावरच बसलं. तेजस्विनी म्हणाली, "जा ना, भरून आण. आज वळणं उरकून टाकू." आदेशची एम-एटी घेतली, बॅटरी पोत्यात गुंडाळून पायांमध्ये ठेवली आणि पप्पू गेला. जाताना ओरडला, "च्या ठेव, आलोच!"

फाट्यावर टोमॅटोनं भरलेल्या पिकअपनं त्याला उडवलं. तात्या आणि तेजस्विनी पोचले तेव्हा त्याला दवाखान्यात हलवलं होतं, पण न्यायचं म्हणून नेलेलं. रस्त्यात फुटलेली बॅटरी पडली होती, तिच्या पाण्यानं डांबर पांढरं पडलं होतं. पोलिसांनी विचारलं, कशाला आला होता, कुणी पाठवलं. तेजस्विनीनं सांगितलं, मी. सावळेराम आला, त्यालाही तिनं तेच सांगितलं. तो डोक्याची टोपी काढून हातात धरून उभा राहिला.

दहाव्याला ती तिघं आहुप्याला गेली, तात्या, आदेश आणि ती. ओढ्याच्या काठी पिंड ठेवला, सगळे लांब सरून बसले. हिरड्याच्या झाडावर कावळे होते, नव्हते असं नाही. पण एकही खाली येईना.

घरच्यांनी एकेक बोलायला सुरुवात केली. सावळेराम म्हणाला, "बहिनीला चांगल्या घरी दीन." कावळा हलला नाही. चुलता म्हणाला, "तुझ्या आईबापाला आंतर देनार न्हाई." नाही. कुणी म्हणालं घर बांधू, कुणी म्हणालं तुझी पुस्तकं जपू. ऊन वर चढलं. चिमाबाई पदर तोंडात धरून पिंडाकडं बघत बसली होती. ज्या आईनं हे बघितलंय तिलाच ते कळेल. लेकरू गेलंय, आणि गेल्यावरही कशात तरी अडकलंय.

एक म्हातारा म्हणाला, "ती कालेजची पोरं आल्यात, त्यास्नी काय म्हाईत हाय का बघा."

सगळ्यांच्या माना वळल्या. तेजस्विनी उठून पुढं गेली.  मग हात जोडून म्हणाली, "पप्पू, तुझं मशीन मी पुरं करीन. पाचच्या पाच चेंडू आपलं आपण टोपलीत टाकील. आणि तुझ्या आईला ते दाखवीन."

कावळा खाली आला.

काठावरच्या बायांनी एकदम श्वास सोडला. चिमाबाईनं मात्र तेजस्विनीचा हात धरला, दुखेल इतका घट्ट. म्हणाली, "पाच म्हनलीस. ध्यानात ठिव."

त्यानंतर बॅटरी भरायला आळेफाट्याला कुणी गेलं नाही. जावंसं कुणाला वाटलंच नाही. नवी बॅटरी आणली, ती घरीच लावायची, लाईट येईल तेवढी भरायची. कधी पाऊण, कधी निम्मी, पुरती कधीच नाही. तेजस्विनी कॉलेजातून आली की देवापाशी दिवा लावायची आणि बराकीत जाऊन बसायची. वळण जरा कमी पडलं की वेळ थोडा वाढवायची, परत चालवायची. पप्पूच्या चिमट्याला तिनं हात लावला नाही. हळूहळू वळणं बसली. महाशिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात मशीननं पाचही चेंडू टाकले, दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकले. तात्यांनी देवापुढं नारळ फोडला.

स्पर्धेला चिमाबाई आली. सावळेराम घराबाहेरच पडत नव्हता. ती एकटी एस.टी.नं घोडेगावपर्यंत आली आणि तिथून तात्यांच्या जीपमधून पुण्याला. वाटेत कुणी बोललं तर ती मान हलवायची, तेवढंच.

पुण्याला मुक्कामाच्या खोलीत आदेशनं बॅटरी लावून ठेवली. सकाळी खूश होऊन म्हणाला, "तेजे, हितं लाईट जातच न्हाई! टम्म भरलीय बघ." तिलाही बरं वाटलं. त्या तिघांपैकी कुणाच्या मनात दुसरं काही आलं नाही. लाईट मिळाली तर भरून घ्यायची, हीच त्यांची सवय.

भल्या मोठ्या हॉलमध्ये खुर्च्या, पाट्या, टायवाले परीक्षक. चिमाबाईला पहिल्या रांगेत बसवलं. तेजस्विनीनं बटण दाबलं आणि हात मागं घेतले.

मशीन निघालं आणि निघतानाच तिला कळलं की काहीतरी चुकतंय. ते रोजच्यासारखं चालत नव्हतं, उधळल्यासारखं पळत होतं. पहिला चेंडू उचलला, वळलं, टाकला. टोपलीच्या काठाला घासून आत पडला. दुसरा काठावर आपटला, हलला आणि देवाच्या कृपेनं आत गेला. तिसऱ्याला मशीन नको तेवढं वळलं आणि चेंडू टोपलीच्या बाहेर सोडला. मग पांढरी पट्टी त्याला सापडेना. कडेला गेलं, एक चाक खाली उतरलं आणि तिथंच गरगरत राहिलं.

हात लावायचा नव्हता. ती दोन्ही हात पाठीशी बांधून उभी राहिली. मागं कुणीतरी हसलं. शिट्टी वाजली.

बाहेर जीपपाशी आदेश चिमाबाईला म्हणाला, "मावशी, दोन तर पडलं ना? लई कॉलेजांचं एकबी पडलं न्हाई."

चिमाबाईनं त्याच्याकडं बघितलंच नाही. तेजस्विनीला म्हणाली, "पाच म्हनली व्हतीस."

"हो मावशी."

"तिथं म्हनली व्हतीस. त्याच्यासमोर."

बस, एवढंच. घोडेगावला उतरताना पिशवीतून हातसडीच्या तांदळाची पुरचुंडी काढून सीटवर ठेवली आणि एस.टी.कडं चालती झाली. तो तांदूळ तिनं मशीन जिंकल्यावर द्यायला आणला होता का सहज, कोण जाणे. तेजस्विनीला तो पुष्कळ दिवस शिजवता आला नाही.

घरी आल्यावर तिनं बॅटरीला मीटर लावून बघितलं, मग चूक उमगली. पप्पू गेल्यापासून बराकीत मशीन सदा अर्ध्या पोटी चाललेलं, तिची सगळी वळणं त्या अर्ध्या पोटावर बेतलेली. पुण्यात नव्या बॅटरीला पहिल्यांदा पोटभर मिळालं, तशी चाकं जोरात फिरली. वेळ तेवढाच, पण वळण मोठं झालं. दोष चाकांचा नव्हता. आळेफाट्याला कुणी जात राहिलं असतं, तर हे आधीच दिसलं असतं.

आदेश म्हणाला, "झालं ते झालं. आता कशाला? स्पर्धा संपली."

"स्पर्धेला कुठं शब्द दिला होता मी?" ती म्हणाली.

तिनं वेळेचा हिशोबच काढून टाकला. चाकाला भोकं पाडलेली चकती बसवली. चाक फिरलं की भोकं मोजायची आणि ठरलेली भोकं झाली की थांबायचं. मग बॅटरी भरलेली असो की उतरलेली, वळण तेवढंच. एका ओळीत सांगून झालं, पण तिला ह्यात चैत्र उजाडला. परीक्षेचा एक पेपर राहिला. तात्या ताट घेऊन बराकीत यायचे आणि ठेवून जायचे.

हनुमान जयंती झाल्यावर एके सकाळी जीपच्या टपावर पाट बांधले आणि बापलेक आहुप्याला गेले. देवळाच्या सभामंडपात पाट मांडले. पोरंटोरं गोळा झाली. सावळेराम खांबाला टेकून लांब उभा राहिला. चिमाबाई शेणाचे हात धुऊन आली आणि समोर बसली.

तेजस्विनीनं देवाला नमस्कार करून बटण दाबलं आणि मागं सरली.

एक पडला. दोन पडले. तिसरा टोपलीच्या अगदी मधोमध. चौथ्याला पोरं ओरडायला लागली. पाचवा पडला तेव्हा सगळ्या मंडपानं टाळ्या वाजवल्या. तात्यांनी डोळे पुसले.

चिमाबाईनं टाळी वाजवली नाही. तिनं टोपलीतला एक चेंडू उचलला. प्लॅस्टिकचा, हलका. दाबून बघितला.

"हेच टाकायचं व्हतं?"

"हो मावशी."

"ह्याच्यासाठी गेला व्हता त्यो फाट्यावर?"

 चिमाबाईनं उत्तराची वाट बघितली नाही. चेंडू परत टोपलीत ठेवला आणि म्हणाली, "ह्यात पप्पूचं कंचं?"

"चिमटा. चेंडू धरायचं सगळं त्यानंच लिहिलं. मी त्यातलं काही बदललं नाही."

"परत लाव."

परत लावलं. चिमाबाई आता मशीनच्या तोंडाशी वाकून बसली. तिचं टोपलीकडं लक्ष नव्हतं. मशीन थांबलं, चिमटा उघडला, क्षणभर दम घेतला आणि अलगद मिटला.  "आस्संच," ती म्हणाली. "खेकडा धरताना आस्संच थांबायचा." मग पुन्हा लावायला सांगितलं, आणि पुन्हा. पोरं कंटाळून पांगली. सावळेराम केव्हा निघून गेला कुणाला कळलं नाही.

शेवटी तिनंच हात वर केला. "बास."

पदर सावरून उठली. तेजस्विनी पाया पडायला वाकली, तिला पडू दिलं, डोक्यावर हातही ठेवला.

"पाच म्हनलीस, पाच झालं," ती म्हणाली. "त्याचं काय ऱ्हायलं न्हाई आता. तूबी मोकळी."

"मावशी, मी येत जाईन. दिवाळीला, आखितीला…"

"नको."

"मावशी…"

"न्हाई, बाई. राग न्हाई माझा. पर तू गाडीतनं उतरलीस ना, तवा मी तुझ्या मागं बघितलं. तू आलीस का मला वाटतं, मागनं त्योबी येतोय." तिनं तेजस्विनीच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. "येऊ नको."

बापलेकांनी पाट सोडून जीपवर बांधले. तेजस्विनी पुढं शिकली, नोकरीला लागली, संसाराला लागली. आहुप्याला ती पुन्हा कधी गेली नाही.