कान नसलेली बेल

भूतखेत मला कधी भेटलं नाही. भेटलं असतं तर आधी विचारलं असतं, काम काय आहे? मी चौथी शिकलेली, पण भोळी नाही. घडलं तसं सांगते.

आम्ही कोलकात्यात बेहालाला राहतो. यांची बँकेतली बदली इथे झाली आणि इथलेच झालो. पक्षाघातानंतर हे अंथरुणाला खिळले. वाचा गेली, डावा हात तेवढा चालतो. मुलगा सुधीर मशीनचे ड्रायव्हर लिहितो... म्हणजे काय, ते त्याने बेल बसवली तेव्हा कळलं. बटण यांच्या उशाशी, तिथून तार छोट्या कंप्युटरला, बेल स्वयंपाकघरात.

"आई, बेल वाजली की तू पोळी अर्धी टाकून जातेस, परत येऊन तीच लाटतेस. मशीनही तसंच करतं. याला इंटरप्ट म्हणतात."

"म्हणजे माझं काम त्याला शिकवलंस. आणि पगार तुला."

एक गोष्ट मात्र त्याने पक्की केली – यांच्याजवळ जाऊन दुसरं बटण दाबल्याशिवाय बेल थांबायची नाही. "तू नुसतं 'आले हो' ओरडतेस आणि येत नाहीस, म्हणून!"

त्या दुपारी भाजी फोडणीला टाकत होते. बेल वाजली. सवयीने ओरडले, "आले हो!"

बेल थांबली.

यांना सांभाळणाऱ्या आयाने, मालतीने, बटण दाबलं म्हणावं, तर ती समोर बाल्कनीत फोनवर हसत होती. मला संशय आला. तशीच आत गेले. हे घसरून उशीत तोंड खुपसून पडलेले, ओठ निळे. ओढून उताणं केलं तेव्हा श्वास आला.

मग पाहिलं... बटणाची तार काढून, गुंडाळून कपाटावर ठेवलेली.

"मालती, ही तू काढलीस?"

"चादोर पाल्टाते गिये खुलेछि, माशीमा... लागाते भुले गेछि." चादर बदलताना काढली, लावायला विसरली. वर मलाच विचारते, कसली बेल?

तिला त्याच दिवशी घरी पाठवलं.

सुधीर म्हणाला, तार सुटली की कधी खोटा इशारा येतो, पण ड्रायव्हर, म्हणजे त्याने लिहिलेला प्रोग्राम, तपासून तो सोडून देतो. "बरं, समजा वाजली. पण थांबली कशी?"

मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "माझ्या आवाजाने थांबेल असं काही गुपचूप घातलंयस का?"

"आई, त्याला कान नाहीत."

हे वाचले, एवढं खरं. आता बेल वाजली की मी ओरडत नाही. तोंड बंद ठेवून सरळ जाते... माझं ऐकतं कोण, ते कळेपर्यंत.