ताठ राहिलेलं बोट

सासऱ्यांच्या तिथीच्या दिवशी सकाळी लाल भोपळा चिरताना माझ्या डाव्या तर्जनीच्या मुळाशी सुरी शिरली. मी ओरडलेसुद्धा नाही. फारसं दुखलंच नाही. आधी ओट्यावर रक्त दिसलं, मग लक्षात आलं की ते माझं आहे.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. आम्ही वसईजवळ तुळिंजला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. मी जवळच्या शाळेत सकाळच्या पाळीत शिकवत असे आणि नवरा मुंबईला नोकरीला जाई. सासरे गेले तेव्हा सासूबाई राजापूरकडचं घर बंद करून आमच्याकडे आल्या. येताना दोन लुगडी, देव आणि विळी एवढंच घेऊन आल्या होत्या. त्या खाली बसून विळीवर चिरत, मी उभ्याने सुरीने चिरत असे. यावरून आमच्यात कधी वाद झाला नाही. एवढ्याशा स्वयंपाकघरात एक वर, एक खाली, अशा आम्ही दोघी बरोबर मावत होतो.

त्या दिवशी त्या वड्यांचं पीठ मळत होत्या. तिथीच्या पानावर भोपळ्याची भाजी लागतेच, म्हणून मी भोपळा घेतला. सुरी जुनी होती, तिची मूठ हलायची, आणि धार अशी गेलेली की टोमॅटो चिरण्याऐवजी चेंगरायचा. बोथट सुरीने निदान हात तरी कापत नाही, असा तेव्हा माझा समज होता. भोपळ्याची फोड मी तिच्या गोल पाठीवर ठेवली, डाव्या हाताने धरली आणि अंगाचा सगळा भार देऊन सुरी दाबली. सुरी आत गेली नाही. फोड डुलली, सुरी सालीवरून घसरली आणि सरळ हातात आली.

सासूबाईंनी पिठाच्याच हाताने हळदीचा डबा उचलला आणि जखमेत मूठभर हळद भरली. वरून नवऱ्याचा धुतलेला पंचा गुंडाळला. नवरा माझा हात वर धरून मला जिन्यावरून खाली घेऊन गेला. नाक्यावरच्या डॉक्टरांनी पंचा सोडला, आधी ती सगळी हळद धुऊन काढली आणि मग मला एकेक बोट मिटायला सांगितलं. चार बोटं मिटली. तर्जनी तशीच ताठ उभी राहिली, जणू ती दुसऱ्या कुणाची होती. मी तिच्याकडे बघून मनातल्या मनात तिला वाक म्हणत होते आणि ती हलत नव्हती. त्या वेळी मला पहिल्यांदा भीती वाटली.

डॉक्टर म्हणाले, "वरची कातडी मी शिवीन हो, पण बोट ओढणारी आतली दोरी तुटलीय. ती इथं जोडता येणार नाही. वेळ काढू नका, मुंबईला घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. आदल्या दिवशी मी घराबाहेर पडल्यावर सासूबाईंनी एकटीने तिथीचा सगळा स्वयंपाक पुरा केला आणि पान वाढलं. नवऱ्याने मला हे सांगितलं तेव्हा क्षणभर राग आला. नंतर वाटलं, त्या बाईने हातात घेतलेलं काम अर्धवट टाकलं नाही. आपल्यालाही तेच करायचं आहे.

दीड महिना हात कोपरापासून बोटांपर्यंत पट्टीत होता. मला फक्त उजवा हात होता. फळ्यावर लिहिता येत होतं, म्हणून नोकरी टिकली. घरात मात्र मला कशालाही हात लावू दिला जात नव्हता. आमच्या शाळकरी मुलीची वेणी नवरा घालायला शिकला. ती वेणी दुपारपर्यंत सुटायची, पण तो रोज घालायचा. भाजी सगळी सासूबाईच चिरायच्या. त्यांनी ती जुनी सुरी कुठेतरी लपवून ठेवली होती. कुठे, ते मी विचारलं नाही.

पट्टी निघाली तेव्हा बोट लाकडासारखं होतं. दोरी जोडली गेली होती, पण भोवतालचं सगळं चिकटून आखडलं होतं, आणि टोकाच्या एका बाजूला स्पर्शच कळत नव्हता. व्यायामासाठी मला वसईला एका बाईंकडे पाठवलं. त्या तिथल्याच एका जुन्या ख्रिस्ती कुटुंबातल्या, वयाने माझ्याएवढ्याच. दवाखाना म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. शाळा सुटली की मी बस पकडून त्यांच्याकडे जात असे. कोमट पाण्यात हात बुडवून ठेवायचा, मग उजव्या हाताने बोटाचं मूळ घट्ट धरायचं आणि फक्त मधला सांधा वाकवायचा प्रयत्न करायचा. प्रयत्न म्हणजे काय, तर घाम फुटेपर्यंत जोर लावायचा आणि बोट केसभर हललं तर हललं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, की या हाताने तुम्हाला नेमकं काय करायचंय. लोक बहुधा काय उत्तर देतात कोण जाणे. माझ्या तोंडून निघालं, "भाजी चिरायची आहे."

त्या हसल्या नाहीत. टेबलावरून एक पाव उचलून माझ्यापुढे ठेवला आणि त्याच्यावर स्वतःचा डावा हात कसा ठेवायचा ते दाखवलं. बोटांची टोकं आत वळलेली, नखं पावावर टेकलेली, मधले सांधे पुढे. सुरीचं पातं त्या सांध्यांना घासून खाली येतं, टोकं मागे सुरक्षित राहतात. मी आजवर बोटं पसरून भाजी धरत आले होते. माझी आई तशीच धरायची, मीही तशीच.

"असं धरायला बोट वाकावं लागतं," त्या म्हणाल्या. "तुमचं वाकत नाही. म्हणजे आपल्याला दोन्ही एकदमच शिकायचंय."

तेव्हापासून मला एक ठरलेलं काम मिळालं. नुसतं बोट वाकवत बसण्यात जीव रमत नव्हता, रडू यायचं. पण हाताखाली काही चिरायचं आहे म्हटल्यावर जोर यायचा. घरी मी पोळपाटावर कणकेचा उंडा ठेवायची, डावा हात त्यावर वळवून ठेवायची आणि उजव्या हातात मुलीची लाकडी पट्टी धरून उंड्याच्या चकत्या पाडायची. तर्जनी इतरांबरोबर आत यायची नाही, बाहेर डोकं काढून राहायची. पट्टी तिच्यावर आदळायची. मी तिला मागे ढकलायची आणि पुन्हा सुरू करायची. एखाद्या दिवशी चिडून खूप व्यायाम केला की दुसऱ्या दिवशी बोट सुजायचं. वसईच्या बाई मग बोलायच्या. एक दिवस मरमर करून चार दिवस बसण्यापेक्षा रोज थोडं करा, असं त्यांचं म्हणणं. ते मी पाळलं. पावसाळ्यात बस बंद पडली की घरीच केलं, पण चुकवलं नाही.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. कणीक चिरण्याचा खेळ त्यांनी चालू दिला. पण मी बाजारातून नवी, धारेची सुरी आणि लाकडी फळी घेऊन आले, तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या.

"बाये, एकदा हात कापून घेतलास तो पुरे नाही झाला? त्यात आणि धारेची आणलीस?"

मी म्हटलं, "आई, धार नव्हती म्हणून कापलं. धार नसली की जोर लावावा लागतो आणि जोर लावला की सुरी कुठेही जाते."

"मी आहे ना चिरायला. मी आहे तोवर तुला सुरी धरायची गरज नाही."

त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना भीती वाटत होती. त्या दिवशीचं रक्त ओट्यावरून त्यांनीच पुसलं होतं. नवराही त्यांच्या बाजूने होता. संध्याकाळी उतरल्यावर स्टेशनबाहेर चिरलेल्या भाज्यांच्या पिशव्या मिळतात, त्या आणत जाईन, असं त्याने सुचवलं. मी दोघांचं ऐकून घेतलं. मग फळीखाली ओलं फडकं पसरलं, म्हणजे फळी सरकणार नाही, आणि दुधी घेतला. आधी त्याची एक बाजू तासून सपाट केली, ती बाजू खाली टेकवली. दुधी हलेनासा झाला. डावा हात वळवून ठेवला. तर्जनी पुरती वळली नव्हती, पण नख मागे गेलं होतं. तेवढं पुरेसं होतं. एकेक फोड पाडत गेले. अर्धा दुधी चिरायला इतका वेळ लागला की गॅसवरची फोडणी बंद करून ठेवावी लागली. सासूबाई देवासमोर जाऊन बसल्या होत्या. जेवताना त्यांनी भाजी दोनदा घेतली.

यानंतर काही महिन्यांनी मला त्यांचा अंगठा दिसला.

त्या कोबी चिरत होत्या. परातीतल्या कोबीवर मला लालसर ठिपका दिसला. मी विचारलं तर म्हणाल्या, बिटाचा डाग असेल. घरात बीट नव्हतं. मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि त्यांचा हात धरला. त्यांनी तो पदराखाली ओढला. मी सोडला नाही. अंगठ्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती. चिंधीखाली ताजा काप, त्याच्या शेजारी दोन सुकलेले आणि तळहाताकडे अजून एक. सगळ्यांत हळद भरलेली.

मग त्यांनी सांगितलं, की विळीचं पातं हल्ली नीट दिसत नाही. धूर आल्यासारखं दिसतं. गुडघ्यांमुळे मांडी घालून बसता येत नाही, म्हणून विळीवर पाय नीट दाबून धरता येत नाही, ती हलते. मी एका हाताने असताना सगळं त्यांच्यावर पडलेलं, मग सांगणार कुणाला, असं त्या म्हणाल्या.

आमच्या घरातल्या दोन बाया दोन वेगवेगळ्या पात्यांनी कापून घेत होत्या, आणि एक दुसरीपासून लपवत होती.

"आई," मी म्हटलं, "डोळे दाखवायला शनिवारी जायचं. आणि तोवर तुम्ही खुर्चीवर बसून माझ्याबरोबर चिरायचं."

"या वयात मला सुरी येणार आहे होय?"

"मला या बोटाने आली."



मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रियेआधी आणि नंतरही बरेच दिवस मी त्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवत असे. खिडकीतला उजेड त्यांच्या डाव्या खांद्यावरून येईल अशी खुर्ची मांडली. शिकवणं माझं कामच, पण एवढी अवघड विद्यार्थिनी मला शाळेत मिळाली नव्हती. विळीवर पातं जागेवर राहतं आणि भाजी त्याच्याकडे जाते. आयुष्यभर त्यांनी तसंच केलं होतं. त्यामुळे त्या सुरी उजव्या मुठीत उभी धरून ठेवायच्या आणि गवार तिच्यावर नेऊन दाबायच्या, अंगठा थेट पात्यासमोर. मी त्यांचा हात धरून गवारीची जुडी फळीवर ठेवायची, त्या परत उचलायच्या. मी परत ठेवायची. कधी त्या चिडून उठून जायच्या आणि विळी काढायच्या. मी विळी घेऊन ओट्याच्या वरच्या फळीवर ठेवायची. तिथे त्यांचा हात पोचत नव्हता. एकदा त्या मला म्हणाल्या, की तू फार कडक आहेस. मी हो म्हटलं.

एक दिवस चिरताना सुरी फळीवरून निसटली आणि सासूबाईंनी ती वरच्या वर झेलायला हात पुढे केला. मी त्यांना खुर्चीसकट मागे ओढलं. सुरी लादीवर पडली. त्या दिवशी मी त्यांना बजावलं, की पडणारी सुरी पडू द्यायची, पाय मागे घ्यायचे आणि मग वाकून उचलायची. त्या मान हलवत राहिल्या.

हळूहळू त्यांचा हात बसला. आधी काकडी, मग भेंडी, मग कांदा. कांद्याचे दोन भाग करून सपाट बाजू खाली ठेवायची, हे त्या मुलीला असं समजावून सांगायच्या, की जणू त्या आजवर तेच करत आल्या होत्या. धारवाला सायकल घेऊन इमारतीखाली आला की त्या स्वतःच खिडकीतून हाक मारायच्या. धार नीट लागली का ते टोमॅटोवर बघून घ्यायच्या. धुतलेली सुरी मोरीत इतर भांड्यांत टाकलेली त्यांना खपत नसे. फेसाच्या पाण्यात हात घालणाऱ्याला ती दिसत नाही, असं त्या नवऱ्यालाही ऐकवायच्या. खोबरं आणि मासळी मात्र त्यांनी विळीवरच ठेवली. आता त्यांना स्वच्छ दिसत होतं. विळी भक्कम पाटाला ठोकून घेतली आणि गुडघे दुखत नसतील त्याच दिवशी ती काढायची, असं आमचं ठरलं. मी त्यावर हट्ट केला नाही. नारळ खवायला मला विळीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

माझ्या बोटाचं म्हणाल तर शेवटचा सांधा वाकलाच नाही. टोकाच्या एका बाजूला अजूनही स्पर्श नाही, म्हणून त्या बोटावर विसंबायचं नाही, डोळ्यांनी बघूनच चिरायचं, अशी सवय लागली. मी चिरताना कुणाशी बोलत नाही. घरात सगळ्यांना ते माहीत आहे. वसईच्या बाईंनी शेवटच्या भेटीत बोट मोजलं, वाकवून पाहिलं आणि म्हणाल्या की याहून फार वाकणार नाही. मी म्हटलं, चालेल.

पुढे एकदा पुतण्याच्या लग्नासाठी सासूबाई गावी गेल्या. निघताना पिशवीत काय भरलंय ते पाहिलं, तर पुठ्ठ्याच्या तुकड्यात घालून वर फडकं गुंडाळलेली आमची सुरी. आठवड्याने परत आल्या त्या तक्रार घेऊनच. म्हणाल्या, "तिकडे फळी कुणाकडेच नाही. शेवटी पोळपाट उलटा घातला आणि त्याच्यावर सगळ्यांची भाजी चिरली."